दोन लाखांत दहा सेकंदांची गाडी? फिरत असलेल्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील गॅरेजवाल्यांच्या, आयटीआयच्या मुलांच्या आणि गाड्यांचा नाद असलेल्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश सतत पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा आहे: जुनी मारुती एस्टीम घ्या, भंगारातून डिझेल गाडीचा टर्बो आणा, आतले सामान उपसून काढा, चालकाभोवती जीआय पाइपचा पिंजरा वेल्ड करा, नायट्रसची (इंजिनाला जादा प्राणवायू पुरवणाऱ्या वायूची) एक बाटली बसवा, म्हणजे घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन लाख रुपयांत पाव मैल दहा सेकंदांत कापणारी ड्रॅग कार तयार होते, ट्रॅक लागत नाही, कारण रात्री बायपास मोकळाच असतो, आणि नियमांची पुस्तके श्रीमंतांसाठी असतात. ज्यांनी हा संदेश माझ्याकडे पाठवला ते बहुतेक विशीतले आहेत आणि त्यांतील काहींनी गाडी शोधायलाही सुरुवात केली आहे. म्हणून त्यातील एकेक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

आधी जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. ड्रॅग कार घरी बांधता येते. हा खेळच मुळी घरच्या शेडमध्ये जन्माला आला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण स्वतः बांधलेल्या गाड्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात पळवत असत. पुढे 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची अमेरिकी संस्था स्थापन केली, ती याच मुलांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त धावपट्टीवर आणण्यासाठी. फ्लोरिडाच्या डॉन गार्लिट्स यांनी ‘स्वाम्प रॅट’ नावाच्या आपल्या गाड्या स्वतःच्या कार्यशाळेत बांधून जगभर नाव कमावले. आपल्याकडे हाताची कमतरता नाही. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलची, चटईच्या यंत्रमागांची आणि पाइप ओढणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती करणारे लेथवाले आहेत, जे डायल गेज लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत फ्लँज खरी करतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली अ‍ॅडाप्टर प्लेट बसवताना बेल हाउसिंगचे (क्लचभोवतीच्या आवरणाचे) केंद्र क्रँकच्या केंद्राशी जुळवताना डायल गेजचे एकूण वाचन 0.13 मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ नये असा प्रघात आहे, आणि हे काम खान्देशात होऊ शकते याबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप शेडवर नाही. संदेशात कामाचा जो क्रम दिला आहे, तो पूर्ण उलटा आहे, आणि त्या उलट्या क्रमाची किंमत गाडी चालवणारा मुलगा मोजणार आहे.

पहिला दावा टर्बोचा: टर्बो बसवला की दहा सेकंद मिळतात. पाव मैलाचा, म्हणजे 402 मीटरचा वेळ हा वजन आणि अश्वशक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळावर अवलंबून असतो, ही या खेळातील जुनी आणि वारंवार पडताळलेली बाब आहे. घनमूळ म्हणजे काय, ते इथे नीट ध्यानात घेतले पाहिजे: शक्ती दुप्पट केली तर वेळ निम्मा होत नाही, तो फक्त एक पंचमांशाने घटतो. शेवटच्या काळातील एस्टीमचे 1.3 लिटरचे इंजिन सुमारे 85 अश्वशक्तीचे होते; चालकासह साडेनऊशे किलो धरले तर हिशेबाने वेळ 17 सेकंदांच्या जवळ येतो. शक्ती दुप्पट, म्हणजे 170 केली, तर तो साडेतेराच्या आसपास उतरतो. संदेशातल्या दहा सेकंदांचा अर्थ आपण उदारपणे 10.99 असा घेतला, तरी त्याच वजनाला 310 अश्वशक्ती लागतात, म्हणजे मूळ इंजिनाच्या साडेतीन पटींहून अधिक.

एवढी शक्ती नुसता टर्बो देत नाही, त्यात जळणारे पेट्रोल देते. तीनशे अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनाला पूर्ण भारावर मिनिटाला साधारण पावणेदोन लिटर पेट्रोल लागते. त्यासाठी मूळ इंजेक्टर, मूळ पंप आणि मूळ ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांपैकी काहीही पुरत नाही. पेट्रोल कमी पडले की मिश्रण सुके होते, इंजिन नॉक करू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून आत ठोके बसतात, आणि ओतीव पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. भंगारातला डिझेल टर्बो ट्रकचा असेल तर तो त्या इंजिनासाठी फार मोठा असतो, आणि तो ज्या तापमानासाठी घडवलेला असतो त्यापेक्षा पेट्रोलचा धूर बराच जास्त तापतो. त्यात आपला उन्हाळा आहे. भुसावळ-जळगावला पारा 45 अंशांवर गेला की 15 अंशांच्या तुलनेत हवेची घनता नऊ टक्क्यांहून अधिक घटते, म्हणजे सिलिंडरमध्ये प्राणवायूच तेवढा कमी येतो आणि नॉकिंगची शक्यता वाढते. थंड प्रदेशातील कोणाच्या तरी चित्रफितीतले बूस्टचे (टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाचे) आकडे उचलून मे महिन्यात जळगावात इंजिन ट्यून करणे म्हणजे पिस्टन हाताने फोडण्यासारखे आहे.

आणि ही सारी शक्ती मिळाली असे क्षणभर गृहीत धरले, तरी ती जमिनीवर उतरवायची कुठून? एस्टीमची पुढची चाके ओढतात. गाडी जोराने सुटली की वजन मागे सरकते, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. पुढच्या चाकांवर साठ टक्के वजन, 2.37 मीटर व्हीलबेस, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि चांगल्या रस्त्याच्या टायरची पकड धरून गणित केले, तर ही गाडी गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून जास्त त्वरण घेऊच शकत नाही. त्या त्वरणाने अथपासून इतिपर्यंत पळाली तरी 402 मीटरला तेरा सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे इंजिन कितीही मोठे केले तरी साध्या टायरवर ती दहा सेकंदांत जाणार नाही. ती जागेवर टायर जाळेल. म्हणूनच जाणते लोक पहिल्या 60 फुटांच्या वेळेकडे सर्वांत आधी पाहतात. तिथे वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी दीड ते दोन दशांश सेकंद देऊन जातो. टायर, क्लच आणि सस्पेन्शन यांचा संदेशात उल्लेखही नाही.

वजनाचा दावा अर्धा बरोबर आहे. मागचे आसन, गालिचे, एसीचा कॉम्प्रेसर काढणे योग्यच. परंतु दारांतील आडव्या पट्ट्या, बंपरमागचा बीम आणि डॅशबोर्डमागची आडवी नळी हेही ‘फालतू वजन’ म्हणून कापायला संदेश सांगतो. ते शरीराला वाचवणारे लोखंड आहे आणि पिंजरा पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नये.

पिंजऱ्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण संदेशातील सर्वांत घातक ओळ हीच आहे. मळ्यात पाण्याच्या मोटारीचा जुना जीआय पाइप पडलेला असतो, शेजारी वेल्डर असतो, आणि जाडी पाहिली तर मध्यम प्रतीच्या दीड इंची पाइपची भिंत 3.2 मिलिमीटर भरते. एनएचआरएच्या नियमात रोलबारसाठी (चालकाच्या मागच्या संरक्षक कमानीसाठी) साध्या पोलादाची भिंत साधारण 3 मिलिमीटर सांगितली आहे. मग चालेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताची वाफ होते, ती वितळलेल्या धातूत अडकून जोडात बारीक छिद्रे पडतात आणि वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. शिवाय हा पाइप पाणी वाहून नेण्यासाठी बनवलेला आहे. गाडी कलंडताना वाकण्याचा भार घेण्यासाठी त्याची परीक्षा झालेली नसते. त्याऐवजी दाखल्यासह मिळणारी, जस्त नसलेली, नियमातल्या मापाची साध्या पोलादाची नळी घेतली, तर ती नियमात बसते आणि फार महागही पडत नाही.

वेल्डिंगचा नियमही स्पष्ट आहे. साध्या पोलादाला सीओटू (मिग) किंवा आरगॉन (टिग) वेल्डिंग, क्रोमोली या मिश्र पोलादाला फक्त आरगॉन. कांडीच्या वेल्डिंगला जागा नाही. आणि जोडावर ग्राइंडर मारायचा नाही. आपल्याकडे खिडकीची ग्रिल असो वा ट्रॉलीचा सांगाडा, जोड घासून गुळगुळीत करणे ही कारागिरीची खूण मानली जाते. पिंजऱ्यात मात्र घासलेला जोड तपासनीस तिथेच नाकारतो, कारण घासल्याने जोडाचे मांस जाते आणि खालचा दोष झाकला जातो. वाळू भरून, गॅसने तापवून वाकवलेल्या नळीला आतल्या बाजूने सुरकुती पडते. ती नळी मोडायची तर तिथेच मोडते. पिंजरा पत्र्यावर थेट उभा करता येत नाही. साधारण 150 मिलिमीटर चौरस आणि 3 मिलिमीटर जाड अशा दोन पट्ट्या पत्र्याच्या वर आणि खाली ठेवून किमान चार बोल्टांनी आवळाव्या लागतात, नाहीतर उलटलेल्या गाडीत नळी फरशी फोडून खाली उतरते. एनएचआरएने अशा जुन्या बंद गाड्यांना 11.49 सेकंदांपासून रोलबार आणि 9.99 पासून पूर्ण पिंजरा सक्तीचा केला आहे. पट्ट्यांचा हार्नेस तिथे उत्पादनापासून दोन वर्षांनी बाद धरला जातो, त्यामुळे भंगारातला हार्नेस हा हार्नेस नव्हेच.

फिरत्या भागांविषयी संदेश गप्प आहे. 8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅगस्ट्रिपवर गाडी सुटताक्षणी गार्लिट्स यांच्या गाडीची ट्रान्समिशन फुटली आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. बरे होत असताना त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असणाऱ्या गाडीचा आराखडा केला, 1971 मध्ये तिच्यावर शर्यती जिंकल्या, आणि पुढे त्या प्रकारच्या ड्रॅग गाड्यांचा सगळा वर्गच त्या रचनेकडे वळला. जगातला एक अत्यंत अनुभवी माणूस स्वतःच्या हाताने बांधलेल्या गाडीत असा जखमी झाला, यावरून बिडाचे जुने फ्लायव्हील तिप्पट शक्तीखाली आणि वाढीव आरपीएमवर फिरवणे काय असते याचा अंदाज यावा. त्यासाठी पोलादी फ्लायव्हील आणि क्लचभोवती पोलादी कवच हवे. जे अँबॅसॅडर किंवा जिप्सी अशी मागच्या चाकांना शाफ्टने शक्ती देणारी गाडी घेतात, त्यांनी प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या क्रॉसपासून (फिरत्या सांध्यापासून) 150 मिलिमीटरच्या आत, 6 मिलिमीटर जाड आणि 50 मिलिमीटर रुंद पट्टीचे पूर्ण कडे बसवावे. क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाते. हे कडे कोणताही फॅब्रिकेटर एका दुपारी करून देईल.

नायट्रसचा सल्ला तर आपल्या हवेत विशेष धोक्याचा आहे. नायट्रस ऑक्साइडचे क्रांतिक तापमान 36.4 अंश सेल्सिअस आहे. त्यावर बाटलीत द्रव उरतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवलेली भरलेली बाटली या मर्यादेच्या कितीतरी वर असते. दाब फार वाढला की फुटणारी तिची सुरक्षा चकती कोणाच्या दिशेने फुटेल, याचा संदेश पाठवणाऱ्यांनी विचार केलेला दिसत नाही.

ब्रेकबद्दल संदेशात एकच वाक्य आहे: मूळचे पुरतात. ज्या हिशेबाने 10.99 सेकंद येतात, त्याच हिशेबाने शेवटच्या रेषेवर वेग ताशी 200 किलोमीटर असतो. शंभराच्या तुलनेत तिथे चौपट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये जाते, आणि सर्व काही जमून आले तरी थांबायला दोनशे मीटर लागतात, तेही पाय पेडलवर पडल्यानंतर. मागे ड्रम ब्रेक आणि वर्षानुवर्षे न बदललेले ब्रेकचे तेल अशी अवस्था असेल, तर ओलावा शोषलेले डॉट 3 तेल 140 अंशांपासून उकळू शकते आणि पेडल फरशीला टेकते. गाडी आधी थांबवायला शिकवावी, मग पळवायला.

दहा सेकंदांचा पुरावा म्हणून संदेशासोबत फोनवरच्या अ‍ॅपचे छायाचित्र जोडलेले आहे. फोनचे जीपीएस सहसा सेकंदाला एकदाच स्थान नोंदवते, आणि ताशी 150 किलोमीटर वेगाला एका सेकंदात गाडी 42 मीटर पुढे गेलेली असते. खऱ्या धावपट्टीवर पुढचे चाक सुरुवातीच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडताच घड्याळ सुरू होते आणि शेवटच्या किरणाशी थांबते; तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब असतो. त्या छायाचित्रावरून काहीही सिद्ध होत नाही.

शेवटचा दावा बायपासचा. आपल्या महामार्गांवर रात्री केळीचे ट्रक असतात, मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात, हंगामात कापसाच्या बैलगाड्या असतात, आणि दुभाजकाच्या फटीतून अचानक दुचाकी वळते. ताशी दोनशेने जाणारी गाडी सेकंदाला 55 मीटर कापते. ट्रॅक्टर दिसेपर्यंत थांबण्याचे अंतर संपलेले असते. कायदाही संदिग्ध नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 189 नुसार राज्य शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी वेगाची शर्यत लावल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि पुन्हा केल्यास कैद एक वर्षापर्यंत जाते. कलम 52 मूळ रचनेतील बदलांना मनाई करते आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. 2019 च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. त्यामुळे ड्रॅग कार रस्त्यावर आणायचीच नाही; तिची नोंदणी रीतसर रद्द करून ती छोट्या टेम्पोवर चढवून न्यायची.

न्यायची कुठे, हा प्रश्न रास्त आहे. खान्देशात धावपट्ट्या आहेत, धुळ्याजवळ गोंदूरला आहे, शिरपूरला आहे, पण त्या विमानांसाठी आहेत. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, आणि अधिकृत शर्यती देशात एफएमएससीआय या मोटर क्रीडा महासंघाच्या परवान्याने होतात, जिथे सुरुवातीला गाडीची तपासणी होते. तिथे साध्या वर्गांत मूळ गाडीही उतरवता येते. ज्यांना दोन लाख खर्चायचे आहेत त्यांनी ते आधी ब्रेक, टायर, प्रमाणित हेल्मेट, हार्नेस आणि रोलबार यांवर खर्च करावेत, इंजिन आहे तसे ठेवून सोळा-सतरा सेकंदांची एक स्वच्छ, मोजलेली धाव नोंदवावी आणि पुढच्या वर्षी क्लच व इंजेक्टरकडे वळावे. पुस्तके श्रीमंतांची असतात म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की, वर दिलेली कड्याची, पट्ट्यांची आणि जोडाची मापे कोणत्याही लेथवाल्याला कागदावर लिहून देता येतात, आणि ती पाळण्यासाठी लागणारे लोखंड संदेशातल्या टर्बोपेक्षा स्वस्त आहे.