‘बाओबाब म्हणजे हिटलर’ या तक्त्याबद्दल

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरीच्या ‘ल पती प्रँस’वर (‘छोटा राजपुत्र’: इवल्याशा ग्रहावरून आलेल्या राजपुत्राची, वाळवंटात अडकलेल्या वैमानिक-निवेदकाने सांगितलेली गोष्ट) लिहिताना मी प्रतीकांचे अर्थ सरळ सांगायचे टाळले. बाओबाब (राजपुत्राच्या ग्रहावर उगवणारं अवाढव्य झाड) म्हणजे हिटलर, त्याचा लाडका गुलाब म्हणजे लेखकाची बायको कॉन्सुएलो, साप म्हणजे बायबलातला सैतान आणि राजपुत्राने एका दिवसात पाहिलेले ४४ सूर्यास्त म्हणजे मृत्यूच्या वेळचं लेखकाचं वय, एवढा तक्ता दिला असता तरी शाळेतल्या मुलांना पुरे झालं असतं.

सूर्यास्तांचं आधी उरकून टाकू. पुस्तक न्यूयॉर्कमध्ये एप्रिल १९४३ मध्ये आलं. लेखक विमानासह बेपत्ता झाला ३१ जुलै १९४४ रोजी. स्वतःच्या मरणाचं वय त्याने आधीच कसं लिहून ठेवलं असेल? शिवाय हा आकडा काही आवृत्त्यांत ४३ आहे, काहींत ४४. तेव्हा मुलांना सांगताना हातातली प्रत उघडून बघावी.

बाओबाबचं तुमचं म्हणणं मात्र बिनबुडाचं नाही. फ्रान्स जून १९४० मध्ये पडला होता, पुस्तक १९४२ मध्ये अमेरिकेत लिहिलं जात होतं, आणि बाओबाबचं चित्र बाकीच्या चित्रांपेक्षा भव्य का झालं याचं कारण निवेदकच पाचव्या प्रकरणात देतो: ते काढताना विषयाची निकड त्याला जाणवत होती. इथवर ठीक. पण तिथल्याच एका आळशी माणसाने दुर्लक्ष केलेली बाओबाबची तीन झुडपं म्हणजे जर्मनी, इटली आणि जपान, असं एकदा ठरवलं की राजपुत्राच्या ग्रहावरच्या तीन ज्वालामुखींचं काय करायचं? त्यातल्या दोन जागत्या ज्वालामुखींवर तो न्याहारी गरम करतो!

तक्त्यात जे सुटतं ते जास्त महत्त्वाचं आहे. अगदी कोवळेपणी बाओबाबचं रोप आणि गुलाबाचं रोप सारखंच दिसतं. म्हणून सकाळी स्वतःचं आवरलं की ग्रहाचं आवरायचं, आणि बाओबाब ओळखू आला की लगेच उपटायचा. घाई केली तर गुलाब हातचा जाईल, उशीर झाला तर मुळं ग्रह फोडतील. हे रोजचं, कंटाळवाणं, नजर ठेवून करायचं काम आहे. ‘नाझी’ असं लिहून मोकळं झालं की हे कामच दिसेनासं होतं, आणि त्याबरोबर गुलाबाशी असलेला धागाही. या पुस्तकात युद्ध शोधायचंच असेल तर अर्पणपत्रिकेपासून सुरुवात करा. ती लेआँ वेर्थ या ज्यू मित्रासाठी आहे, आणि तो फ्रान्समध्ये भूक आणि थंडी सोसतोय हे तिथे उघड लिहिलंय. ते वाचायला कुठलीही किल्ली लागत नाही.

कॉन्सुएलोबद्दल दुमत नाही. ती एल साल्वादोरची, ज्वालामुखींच्या देशातली, आणि तिला दम्याचा त्रास. इकडे गुलाब खोकतो. पण यातून गुलाब कुठून आला एवढंच कळतं. विसाव्या प्रकरणात बागेतले पाच हजार गुलाब बघून राजपुत्र गवतात पडून रडतो आणि एकविसाव्यात सावरतो, ते का, हे लेखकाच्या लग्नातून कळत नाही. त्याचं उत्तर राजपुत्राने आपल्या गुलाबासाठी केलेल्या कामांत आहे: घातलेलं पाणी, वर ठेवलेली काचेची हंडी, वाऱ्यासाठी लावलेला आडोसा, मारलेल्या अळ्या (फुलपाखरांसाठी दोन-तीन सोडून).

सापाला सैतान म्हणायला मजकुरात आधार फार कमी आहे. सतराव्या प्रकरणात तो आपलं सामर्थ्य सांगतो, पण गळ घालत नाही. सव्विसाव्यात विष चांगलं आहे ना, फार वेळ त्रास होणार नाही ना, हे राजपुत्रच त्याला विचारतो. आणि पुस्तकातला पहिला साप हा नव्हेच. पहिल्या प्रकरणात हत्ती गिळलेला अजगर आहे, मोठ्यांना टोपी वाटणारा. तिथून एक माळ सुरू होते: दुसऱ्या प्रकरणात खोका, आत मेंढी, चोविसाव्यात वाळवंट, आत विहीर, आणि तिथेच निवेदकाच्या बालपणीचं घर, ज्यात गुप्तधन पुरलंय अशी वदंता, शेवटी राजपुत्राचा देह, म्हणजे मागे टाकलेलं जुनं टरफल. वरचं आवरण आणि आतलं न दिसणारं, हीच रचना दर वेळी वेगळ्या वस्तूत येते. पुस्तकाचं मुख्य प्रतीक कोणतं म्हणाल, तर माझ्या मते हे. बायबल मध्ये आणलं की अजगर आणि पिवळा साप वेगळे पडतात आणि माळ तुटते.

आकड्यांचं तुम्ही काढलं नाहीत, पण मुलांना तेच सगळ्यात आवडेल. दिवे लावणाऱ्याच्या ग्रहाची फेरी एका मिनिटाची, म्हणून चोवीस तासांत १४४० सूर्यास्त. हा हिशेब बरोबर जुळतो. सोळाव्या प्रकरणातला जुळत नाही: १११ राजे, ७,००० भूगोलतज्ज्ञ, ९ लाख व्यापारी, ७५ लाख दारुडे आणि ३१ कोटी १० लाख बढाईखोर, म्हणजे सुमारे दोन अब्ज मोठी माणसं! बेरीज करा, ३२ कोटीसुद्धा भरत नाहीत. आकड्यांवर विसंबणाऱ्या मोठ्यांची ही टर आहे असं मी वाचतो.

वर्गासाठी तक्ता हवाच असेल तर रकाने असे करा: वस्तू, प्रकरण, तिथे तिचं काय होतं, आणि ती पुन्हा कुठे येते. अर्थाचा रकाना हे चार भरल्यावर, आणि तोही पेन्सिलीने. मेंढीच्या मुसक्यापासून सुरुवात करून बघा. पंचविसाव्यात राजपुत्र ते मागतो, निवेदक त्याचं चित्र काढून देतो. सत्ताविसाव्यात निवेदकाच्या लक्षात येतं की चित्रात मुसक्याला चामडी पट्टा काढायचा राहिला, म्हणजे ते मेंढीला बांधताच येणार नाही. मग मेंढीने गुलाब खाल्ला की नाही? यावर वर्गात दोन तट पडतील. पडू द्या.