पंधराशे रुपयांचा हिशेब कसा मागावा

तुमच्या सोसायटीत अजून कुणी कामाला येणाऱ्या मावशींना "त्या पंधराशेचं केलंत काय?" असं विचारलं नसेल, तर तुमची सोसायटी ठाण्यात आहे की नाही ते एकदा तपासून घ्या. आमच्याकडे घोडबंदर रोडला हा प्रश्न जुलै २०२४ पासून विचारला जातोय. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली जूनच्या शेवटी आणि पहिले पैसे खात्यात पडले ऑगस्टमध्ये. म्हणजे पैसे यायच्या आधी महिनाभर आम्ही हिशेब मागत होतो. जागरूक नागरिक म्हणतात ते हेच.

आता तुम्हालाही हिशेब मागायचा असेल, तर आधी जागा नीट निवडा. सर्व्हिस लिफ्टमध्ये मावशींना गाठता येत नाही, कारण त्या लिफ्टने आपण जात नाही. त्या भांडी घासत असताना स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहावं. हात साबणाच्या फेसात असले की माणूस पळून जाऊ शकत नाही. आवाजात आपुलकी ठेवावी. "आला का गं हप्ता?" इथून सुरुवात करावी आणि हळूहळू "मग काय, मजा आहे तुमची" इथवर यावं.

उत्तर काहीही आलं तरी घाबरायचं कारण नाही, सगळी उत्तरं आपल्याच सोयीची असतात. पैसे धान्य-किराण्यात गेले असं त्या म्हणाल्या, तर "मग आधी काय उपाशी होता का?" असं विचारावं. मुलीच्या क्लासला भरले म्हणाल्या, तर "एवढं होतं तर कर्ज कशाला मागता?" खात्यातच ठेवलेत म्हणाल्या, तर प्रश्न मिटलाच: ज्याला पैसे शिल्लक टाकता येतात, त्याला मदतीची गरज नाही. नवऱ्याने काढून घेतले म्हणाल्या, तर गेले दारूत. आणि स्वतःसाठी काही घेतलं म्हणाल्या, म्हणजे पैंजण, टिकल्यांचं पाकीट, मैत्रिणींबरोबर तलावपाळीला पाणीपुरी, तर मग बोलायलाच नको. रात्री जेवणाच्या टेबलावर ते बायकोला सांगावं आणि दोघांनी मान हलवावी. गरिबाने पैसे कशावर खर्च करावेत, याचं बरोबर उत्तर मला इतक्या महिन्यांत सापडलेलं नाही. बहुधा त्याने ते सरकारला परत करावेत आणि पावती आपल्याला आणून दाखवावी.

रक्कम किती मोठी आहे, याचाही विचार करा. महिना पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. ठाण्यात रिक्षाचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झालं. जायचे-यायचे झाले ५२. म्हणजे सरकारच्या पैशावर लाडकी बहीण रोज रिक्षाने मिरवत जाऊ शकते, येताना फक्त दोन रुपये पदरचे घालावे लागतील. एवढी चैन करायला मिळाल्यावर ती आपल्या घरची लादी कशाला पुसेल? म्हणून तर हल्ली कामाला बायका मिळत नाहीत. (आमच्याकडे मिळत नाहीत याचं एक कारण असंही असू शकेल, की तीन बीएचकेच्या झाडूपोछ्याचा दर आम्ही २०१९ पासून वाढवलेला नाही. पण ते विषयांतर होईल.)

मोबाइलवर विशेष लक्ष ठेवा. रेशनच्या रांगेत उभी आणि हातात स्मार्टफोन, या दृश्यासारखं दुसरं हुकमी दृश्य नाही. लांबून फोटो काढावा. फोटो काढताना हे आठवू नये, की या योजनेचे पहिले अर्ज 'नारीशक्ती दूत' नावाच्या मोबाइल ॲपवरून भरून घेतले होते, ई-केवायसी मोबाइलवरच्या ओटीपीशिवाय होत नाही आणि हप्ता आल्याचा मेसेजही मोबाइलवरच येतो. गरिबाकडे स्मार्टफोन असावा, पण फक्त ओटीपीपुरता. बाकी वेळ त्याने तो डब्यात ठेवावा.

रेशनचं निघालंच आहे तर सांगतो. अन्नसुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंब म्हणून नाव लागायला महाराष्ट्राच्या शहरी भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे ५९ हजार रुपये. वर्षाची, महिन्याची नाही. मी हे आमच्या एका शेजाऱ्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. "एवढ्यात ठाण्यात कोण राहतं?" म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे सगळे खोटेच दाखले." आपण ज्या उत्पन्नात जगू शकत नाही त्या उत्पन्नात कुणी जगत असेल, तर तो लबाडच असला पाहिजे. अशी मांडणी सुचायला शिक्षण लागतं.

शब्द मात्र जपून वापरा. इथे भलेभले घसरतात. त्यांना मिळतं ती खैरात, रेवडी, फुकटेगिरी. आपल्याला मिळते ती सवलत, दिलासा, प्रोत्साहन आणि फारच झालं तर हक्क. आमच्या चौथ्या मजल्यावरचे काका यात पारंगत आहेत. काका ७१ वर्षांचे. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची तिकीट-सवलत बंद केली, तेव्हापासून काका पत्रं लिहितायत. साठीनंतर पुरुषांना ४० टक्के सूट होती. पत्राचा मसुदा मला वाचायला देतात. त्यात एक वाक्य दरवेळी असतं: "आम्ही भीक मागत नाही, हा आमचा हक्क आहे." वाक्य चांगलंच आहे, मलाही पटतं. मागे गणपतीला ते खोपटच्या डेपोतून एसटीने गावी गेले. पासष्टीच्या पुढचे म्हणून अर्धं तिकीट. परत आल्यावर दोन दिवस एकच विषय: बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट झालं आणि वाट लागली. "अहो, निम्मी गाडी बायकांनी भरलेली! अर्ध्या तिकिटात येतात आणि खिडकी अडवून बसतात. फुकट दिलं की माणसं ऊठसूट फिरायला लागतात." काका स्वतः चार वर्षांनी पंचाहत्तरीचे होतील, म्हणजे त्यांचं एसटीचं तिकीट पूर्ण माफ. तेव्हा कुठे कुठे जायचं याची यादी त्यांनी आत्ताच केलेली आहे. मला दाखवली. गाणगापूर पहिलं होतं, पण एसटीची ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच चालते असं कळल्यावर त्यावर काट मारली.

आणि आता जरा हळू बोलतो, कारण पुढची गोष्ट आपल्यातच राहिलेली बरी.

१४ ऑक्टोबर २०२४ ची मध्यरात्र आठवते? मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. आपल्या बाजूचा आनंदनगर, मुलुंडचा एलबीएस रोडवरचा, ऐरोली, वाशी आणि तिकडे दहिसर. गाडीला एका वेळेचे ४५ रुपये पडत होते. जायचे-यायचे ९०. मी ऑफिसला गाडीने जातो, महिन्याचे पंचवीस दिवस धरा. ९० गुणिले २५ म्हणजे २,२५०. पास काढणाऱ्यांचं गणित थोडं कमी भरेल, पण मी पासाचा आळस करत आलो, त्यामुळे माझा फायदा अख्खा. मावशींना पंधराशे, मला सव्वादोन हजार. साडेसातशेने मी जास्त लाडका.

नियमही बघा कसे. मावशींचं वय २१ ते ६५ मध्ये बसायला हवं, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात कुणी आयकर भरणारा नको, कुणी सरकारी नोकरीत नको आणि चारचाकी नको. (ट्रॅक्टर चालतो. ज्याने हा नियम लिहिला त्याने घोडबंदर रोडवर पार्किंग शोधून पाहिलेलं नसावं.) माझ्या सव्वादोन हजारांना वयाची अट नाही, उत्पन्नाची नाही, आधारही जोडावं लागत नाही. अट एकच. मावशींकडे चारचाकी निघाली तर त्यांचे पैसे बंद, माझ्याकडे चारचाकी असेल तरच माझे सुरू.

या टोलमाफीच्या दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. तो योगायोग. लाडकी बहीण मात्र मतांसाठी. हा फरक कुणी विचारला तर समजावून सांगा.

त्या सव्वादोन हजारांचं मी काय केलं, असं तुम्ही विचारणार नाही, मला माहीत आहे, तुम्ही सभ्य आहात. पण मीच एकदा आठवायला बसलो. काही केल्या आठवेना. थोडे कॉफीत गेले असतील, थोडे त्या ओटीटीत ज्याचे वर्षभर पैसे कापले जातायत हे मला मागच्या महिन्यात कळलं. हिशेब मागायला कुणी दाराशी उभंच राहिलं नाही, त्यामुळे ठेवायची सवय लागली नाही.

"पण ते आमच्या टॅक्सचे पैसे आहेत!" हे वाक्य कुठल्याही चर्चेत शेवटी टाकावं, त्यावर उत्तर नसतं. टाकण्याआधी फक्त आपला फॉर्म १६ बघून घ्यावा. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य आहे, पगारदारांना प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. आमच्या मजल्यावर जो सर्वांत मोठ्याने टॅक्सचं बोलतो, त्याचा पगार साडेअकरा लाख आहे. त्याच्या टॅक्सवर मावशींना महिन्याला किती मिळत असतील, हे ज्याचं त्याने काढावं. मावशी कर भरत नाहीत असं मीही म्हणत होतो. मग रिचार्ज आठवला. त्यावर १८ टक्के जीएसटी त्या आणि मी अगदी समसमान भरतो. लोकशाही असेल तर ती इथे आहे.

तुमच्या पगारातून गरिबासाठी म्हणून खरंच काही कापलं जात असेल, तर तो व्यवसाय कर. १९७५ चा कायदा, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला आणलेला. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे झाले अडीच हजार. पन्नास वर्षांपूर्वीही लोक म्हणत होते की खड्डे खणायला सरकार पैसे देतं आणि मजूर बिड्या ओढत बसतात. तेव्हा बिडी होती, आता मोबाइल आहे.

अजून एक हत्यार देतो. ही योजना अपात्र लोकांनीही लुटली, यात शंकाच नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं की २६ लाखांहून जास्त लाभार्थी अपात्र असावेत असा संशय आहे, त्यांचे हप्ते थांबवले. त्यात चक्क पुरुष सापडले, चौदा हजारांवर. सरकारी नोकरीतल्या बायका सापडल्या, त्याही दोन हजारांवर. हे आकडे पाठ करा. पण सरकारी नोकरीतल्या बायका म्हणजे साधारण आपल्याच सोसायट्यांत राहणाऱ्या, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येऊ देऊ नका. आकडे झाले की लगेच "म्हणूनच आमच्या मावशी…" असं म्हणून पुढे जावं.

शेवटचा आणि महत्त्वाचा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष पाहणी. मला ती संधी गेल्या वर्षी ई-केवायसीच्या गडबडीत मिळाली. मावशी म्हणाल्या, "दादा, ते मोबाइलवरचं करून द्याल का? दुकानवाला शंभर मागतोय." नियम असा की बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार लागतं. पैसे तिच्या खात्यात, ओटीपी त्याच्या फोनवर. मावशींचा नवरा फोन हातातून सोडत नाही, म्हणून मलाच त्यांच्या घरी जावं लागलं. मानपाड्याच्या वरच्या अंगाला, जिथे रिक्षा थांबते तिथून पुढे पायऱ्या.

सकाळचे अकरा वाजलेले आणि नवरा झोपलेला! मी मनात टिपून घेतलं. मावशींनी हलवलं तसा त्याने डोळे न उघडता फोन डोळ्यांसमोर धरला, मग एक डोळा उघडून सहा आकडे वाचले आणि परत कुशीवर वळला. "रात्रपाळी असते," मावशी म्हणाल्या. "तुमच्या पलीकडच्या टॉवरला. गेटवर." मी टिपलेलं खोडलं. पहिला ओटीपी तोवर संपून गेला होता. दुसऱ्या वेळी त्याने आकडे उलटसुलट वाचले. तिसऱ्या वेळी जमलं.

तोपर्यंत मी उभाच होतो. मावशींनी कोपऱ्यातली एक मरून रंगाची प्लास्टिकची खुर्ची ओढली, हात असलेली, आणि पदराने पुसली. "बसा ना दादा. पंधराशेतलीच आहे." मग जरा हसून, "आलं-गेलं माणूस खाली कुठं बसवायचं, म्हणून घेतली. मी नाही बसत, मला खालीच बरं वाटतं." आणि त्या उंबऱ्यात टेकल्या. आमच्या घरी चहा पिताना त्या ओट्याशी खालीच बसतात, त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला कान तुटलेला कप घेऊन. त्यामुळे खाली बरं वाटतं हे मला माहीत होतंच.

मी खुर्चीत बसलो. खुर्ची तपासायलाच तर आलो होतो. चांगली मजबूत निघाली, पाठ टेकली तरी करकर वाजली नाही. चहा आला. कपाला कान होता. साखर जरा जास्तच पडली होती. रेशनची की दुकानातली, हे विचारायचं मात्र राहून गेलं.