‘स्नॉब’चा लॅटिनशी संबंध नाही

‘स्नॉब’, म्हणजे इतरांना तुच्छ लेखणारा, हा इंग्रजी शब्द ‘सिने नोबिलिताते’, म्हणजे ‘खानदानी नसलेला’, या लॅटिन शब्दांवरून आला; ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पटावर सामान्य घरच्या मुलांच्या नावापुढे तसं लिहीत, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. ऐकायला छान आहे, पण खरं नाही. त्याला कागदोपत्री आधार नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ‘स्नॉब’ म्हणजे बूट शिवणारा कारागीर किंवा त्याच्या हाताखालचा उमेदवार. केंब्रिजचे विद्यार्थी मग विद्यापीठाबाहेरच्या गावकऱ्यांनाच हा शब्द हिणवून लावू लागले. म्हणजे ज्याला तुच्छ लेखायचं, तो स्नॉब! पुढे बड्या लोकांची नक्कल करणारा, असा अर्थ आला. कोलकात्यात जन्मलेल्या विल्यम थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराने 1846-47 मध्ये ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात अशा लोकांवर लेखमाला लिहिली आणि हा शब्द घरोघरी पोचला. इतरांना तुच्छ लेखणारा, हा आजचा अर्थ त्यानंतर रुळला.

वापरातही गल्लत होते, आणि ती मला जास्त खटकते. श्रीमंत किंवा अबोल माणूस स्नॉब नसतो. हॉटेलात कुणी ‘ब्रुस्केटा’ या इटालियन पदार्थाला ‘ब्रुशेटा’ म्हटलं आणि शेजारच्याने भुवई उंचावून, चारचौघांत उच्चार सुधारून त्याला खजील केलं, तर तो शेजारचा स्नॉब. मराठीत ‘शिष्ट’ त्याच्या जवळ जातो. पण आपली आवडनिवड वरच्या दर्जाची, हा तोरा त्यात पुरता येत नाही. तिथे ‘आढ्यताखोर’ जास्त चपखल बसतो.