आरोग्याचे नियोजन गावाचे नको, वाडीचे हवे

मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि गेली चार वर्षे आमच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा सदस्य आहे. नाव लांबलचक असले तरी समितीचे काम सोपे आहे: गावाच्या आरोग्याचा वर्षाचा आराखडा करायचा, मिळालेला निधी योग्य ठिकाणी खर्च करायचा आणि सेवा लोकांपर्यंत पोहोचते की नाही हे पाहायचे. यातल्या शेवटच्या कामाबद्दल मला आज सविस्तर लिहायचे आहे, कारण ते आपण फार ढोबळपणे करतो असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मागच्या मार्गशीर्षात आशाताईंबरोबर, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेबरोबर, मी सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या, धनगरवाड्यात गेलो होतो. खाडीकाठच्या वाडीतून तिथे चालत जायला सव्वा तास लागतो. वाटेत दोन पऱ्ये (ओढे) आणि एक साकव (छोटा पूल) आहे, आणि पावसाळ्यात तो साकव पाण्याखाली गेला की वाडी तुटते. तिथल्या एका सत्तरी ओलांडलेल्या आजींचा रक्तदाब आशाताईंनी मोजला, तेव्हा वरचा आकडा 180 च्या पुढे होता. नोंदवहीत मात्र त्यांच्या नावापुढे ‘औषध दिले’ असे लिहिलेले होते आणि ती नोंद अगदी खरी होती. आशाताईंनी गोळ्यांचा डबा मागितला. आजींनी फडताळातून पत्र्याचा जुना डबा काढून दिला. त्यात गोळ्यांच्या तीन पट्ट्या होत्या, एक अर्धी संपलेली आणि दोन न उघडलेल्या. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मी दिसाआड एक घेतंय, म्हंजे पुरतात.” उपकेंद्रात गोळ्या एका महिन्याच्या मिळतात, पण खाली उतरून परत चढायचे म्हणजे त्यांचा अख्खा दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी गुडघे धरतात, म्हणून त्यांनी स्वतःच्या हिशेबाने गोळ्या दोन महिन्यांना पुरवल्या होत्या. त्यात हलगर्जीपणा नव्हता. उलट, हाताशी आहे ते जपून वापरण्याची जी सवय त्यांनी जन्मभर पाळली, तीच त्यांनी औषधालाही लावली.

त्या दिवसापासून मला नोंदवहीतला ‘दिले’ हा शब्द पुरेसा वाटत नाही. औषध दिले की नाही, हे कळल्याने साठ्याचा हिशेब लागतो. आजींचा रक्तदाब आटोक्यात आला की नाही, हे त्यातून कळत नाही. आपल्या मासिक अहवालांत किती जणांची तपासणी झाली, किती जणांना गोळ्या दिल्या, किती बैठका झाल्या, हे सारे असते; कोण आले नाही आणि का आले नाही, यासाठी रकाना नसतो.

याचे मूळ नियोजनाच्या एककात आहे, असे मला वाटते. आरोग्य यंत्रणेची सगळी आखणी डोक्यांच्या संख्येवर होते. मैदानी भागात 5,000 आणि डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, साधारण 1,000 लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका. डोंगराळ भागासाठी दिलेली सवलत रास्त आहे, पण कोकणाची अडचण तेवढ्याने सुटत नाही. 2001 च्या जनगणनेत आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. कमावती माणसे मुंबईला गेली, घरे राहिली, घरांत वृद्ध राहिले आणि वाड्यांमधली अंतरे होती तेवढीच राहिली. माणसे कमी झाली म्हणून काम कमी झाले असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात दर माणसामागची पायपीट आणि दर माणसामागचा आजार, दोन्ही वाढले आहेत.

म्हणून यंदा आम्ही मराठी शाळेच्या पडवीत गावाचा नकाशा खडूने काढला. नऊ वाड्या, प्रत्येक घर, विहिरी, साकव, एसटीचा थांबा. मग त्या त्या वाडीतल्या बायकांना बोलावून घराघराची माहिती भरून घेतली: एकटे राहणारे वृद्ध कोण, गरोदर कोण, रोजच्या गोळ्या कोणाला चालू आहेत, चिखलात लावणीला कोण उतरते. तीन दुपारी गेल्या. अनेक वर्षांच्या अहवालांतून जे कळले नव्हते, ते त्या तीन दुपारींत समोर आले. आमच्या कोणत्याही यादीत नसलेली दोन कुटुंबे सापडली, आंब्याच्या बागेत राखणीला राहणारी नेपाळी माणसे. त्यांच्या लहान मुलीचे लसीकरण अर्धवट राहिले होते.

लावणीची माहिती का घेतली, हेही सांगतो. दक्षिण कोकणात पावसाळा आला की लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात किंवा चिखलात माणूस जखम असलेल्या पायांनी तासन्‌तास उभा राहिला, तर जंतू त्या जखमेतून शरीरात जातात. जोखमीच्या भागात प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची गोळी आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत दिली जाते, पण गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ती देत नाहीत. मागच्या एका वर्षी आमच्याकडे गोळ्यांचे वाटप सुरू झाले तेव्हा निम्मी लावणी उरकली होती. कोणाची चूक म्हणून हे सांगत नाही. लावणी केव्हा सुरू होणार हे पेरणी झाली की वाडीला कळते. ते वरच्या कार्यालयाला कळवण्याचे काम आमचे होते आणि आम्ही ते केले नव्हते. नियोजनाचे वेळापत्रक आर्थिक वर्षाचे असून चालत नाही. आमच्याकडे ते मृग, लावणी, गणपती, भातकापणी, आंबा-काजूचा हंगाम आणि मासेमारी बंदीचे दोन महिने यांच्याशी बांधलेले असले पाहिजे. मासेमारी बंद असते तेव्हाच खाडीकाठचे पुरुष दिवसा घरी सापडतात; त्यांच्या मधुमेहाची आणि रक्तदाबाची तपासणी जून-जुलैमध्ये ठेवली नाही, तर ती वर्षभर होत नाही.

लोकांनी आरोग्यसेवेवर देखरेख ठेवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून ‘लोकाधारित देखरेख’ पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाली. गावकरी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडत. मला त्यातले रंग फार महत्त्वाचे वाटतात, कारण अक्षरओळख नसलेली बाईही लाल रंगाकडे बोट दाखवून ‘हे का?’ असे विचारू शकते. आमच्या नकाशावर आम्ही तेच करतो आहोत. मात्र देखरेख म्हणजे आरोग्यसेविकेला धारेवर धरणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. तीच बाई पावसात साकव ओलांडून येते. तिच्या हातात काय नाही, हे वर पोहोचवणे हाही देखरेखीचाच भाग आहे, आणि समितीने तो टाळला तर तिच्यावर बोट रोखण्याचा अधिकार समितीला उरत नाही.

आजींच्या बाबतीत उपाय साधा निघाला. दूध घालायला रोज खाली येणाऱ्या मुलाकडे गोळ्या द्यायच्या, त्याही पावसाळ्याआधी आरोग्य अधिकाऱ्यांच्या परवानगीने तीन महिन्यांच्या. आणि आशाताईंनी दर भेटीत उरलेल्या गोळ्या मोजायच्या. वहीत आम्ही एक रकाना वाढवला आहे: ‘डब्यात उरल्या किती’. चैत्रात त्यांचा वरचा आकडा 146 आला.

मुंबई-पुण्यातल्या गावकऱ्यांना माझी एक विनंती आहे. गणपतीला याल तेव्हा आरतीनंतर पाच मिनिटे काढा आणि आई-वडिलांचा गोळ्यांचा डबा उघडून मोजा. चिठ्ठीवरची तारीख आणि उरलेल्या गोळ्या यांचा मेळ बसत नसेल, तर तसे आशाताईंना सांगा. तुम्ही मुंबईहून वेगळ्या गोळ्या आणून देत असाल, तर तेही सांगा. एकाच औषधाच्या दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या आम्हाला चार घरांत सापडल्या आहेत. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शाळेच्या पडवीत समितीची बैठक आहे. नकाशा तिथेच असेल, आपापले घर बरोबर भरले आहे का ते येऊन पाहा.