दिसलं का?

गॅलिलिओने 1610 साली गुरूचे चार चंद्र पाहिले ते निवांत पाहिले. त्याच्या पाठीमागे पन्नास माणसांची रांग नव्हती, आणि त्या रांगेतून 'अहो, एकेकाने किती वेळ?' असं कुणी ओरडत नव्हतं. आम्ही आकाशदर्शनाला गेलो डिसेंबर 2025 मध्ये, अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी, कर्जत लाईनवर वांगणीच्या पुढच्या एका माळावर. सोबत स्वेटर, कानटोपी, सतरंजी, ओडोमॉस आणि चिवडा. 'टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून आणावा' अशी सूचना होती, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती सगळी मेहनत पाण्यात घालवते. कागद सगळ्यांनी इमानेइतबारे लावला होता. मोबाईलला मात्र कुणीच नाही. दर थोड्या वेळाने कुणीतरी रेंज आली का ते बघायचं आणि अख्खा माळ उजळून निघायचा.

पहिला मान शनीचा. आमच्या सोसायटीतल्या काकूंनी दुर्बिणीला लांबूनच नमस्कार केला आणि तिथल्या कॉलेजच्या पोरीला हळूच विचारलं, "माझी मेष रास. साडेसाती आत्ताच मार्चमध्ये लागलीये. त्याच्याकडे असं रोखून बघितलेलं चालेल ना?"

"काकू, तिकडचा उजेड इथे यायलाच तासाहून जास्त वेळ लागतो. त्याला पत्ता लागेपर्यंत तुमचा चहा पिऊन झालेला असेल."

काकूंना हे पटलं. पण त्याच मार्चमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. शनीची कडी साधारण पंधरा वर्षांतून एकदा आपल्याकडे धार करते आणि दिसेनाशी होते. वर्ष संपत आलं तरी ती जेमतेम रेघेएवढीच दिसत होती. म्हणजे लोक पुस्तकातला टोपीवाला शनी बघायला आलेले, आणि शनी टोपी काढून बसलेला.

आता दुर्बिणीला डोळा लावणं हा काय प्रकार असतो ते सांगतो. मला एक डोळा मिटता येत नाही. डावा मिटला की उजवाही सहानुभूतीने मिटतो, म्हणून डाव्यावर तळहात ठेवावा लागतो. चष्मा ठेवला तर तो भिंगावर टकटक आपटतो, काढला तर कुठे ठेवायचा हा प्रश्न. एवढं जमवून वाकलं, की आधी काळोख, मग एक करडं वर्तुळ, आणि त्यात आडवेतिडवे जाड दांडे. हे दांडे म्हणजे आपल्याच पापण्यांचे केस असतात. इतक्या जवळून मी ते जन्मात पाहिले नव्हते. तेवढ्यात कानाशी आवाज येतो, "दिसलं का?" मागे रांग, समोर ती उत्साही पोर. अशा वेळी 'नाही' म्हणणं हा उद्धटपणा वाटतो. मी म्हणालो, "वा! अप्रतिम!"

माझ्यानंतरच्या आजोबांनी वाकताना आधारासाठी नळी धरली, बसचा दांडा धरावा तशी. त्यांनाही दिसलं. त्यांच्या नातवाला, नातवाच्या आईला, मग ठाण्याहून आलेल्या एका अख्ख्या कुटुंबालाही दिसलं. आईला तर कडीसुद्धा दिसली. शेवटी त्या पोरीने स्वतः डोळा लावला आणि गप्प झाली. नळी समोरच्या आंब्याच्या झाडावर होती.

पण सगळा दोष आजोबांचाही नाही. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. दुर्बिणीतून दिसणारा आकाशाचा तुकडा अर्ध्या अंशाचा असला, तर कुणीही हात न लावता ग्रह दोन मिनिटांत त्यातून बाहेर पडतो. एकेकाचा चष्मा सावरण्यातच दोन मिनिटं जातात.

रात्री मृग नक्षत्र वर आलं. त्यातला तेजोमेघ आपल्यापासून सुमारे 1300 प्रकाशवर्षांवर आहे. फोटोत तो गुलाबी-जांभळा दिसतो, दुर्बिणीत राखाडी फुंकर. अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांना रंगच कळत नाहीत, त्याला तो मेघ तरी काय करणार! शिवाय तो नीट बघायचा तर थेट त्याच्याकडे बघायचं नाही, नजर जराशी बाजूला ठेवायची. हे मला चांगलं जमलं. लग्नकार्यात नको ते नातेवाईक समोर आले की आम्ही असंच बघतो. आणि खरंच, त्या तिरक्या नजरेला पसरलेल्या पंखांसारखा एक धूसर आकार दिसला. 'दिसलं' असं मी पहिल्यांदाच खरं बोललो, तर विचारायला कुणी नव्हतं. पोरगी चहा आणायला गेली होती.

दोननंतर थंडी स्वेटरच्या आत शिरली. निम्मी मंडळी सतरंजीवर घोरत होती. सप्तर्षी वर आले, तेव्हा जागे असलेल्यांना वसिष्ठाशेजारची अरुंधती शोधायला सांगितली गेली, नुसत्या डोळ्यांनी. काकूंनी बराच वेळ मान वर करून पाहिलं.

"नाही बाई दिसत."

काका उसळले. "लग्नात भर दुपारी बाराला गुरुजींनी हॉलच्या पंख्याकडे बोट दाखवलं होतं, तेव्हा बरी लगेच दिसली!"

"तेव्हा," कानटोपी खाली ओढत काकू म्हणाल्या, "मला सगळ्याच गोष्टींना हो म्हणायची सवय होती."