मेनू, तू आहेस तरी कुठं?

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाचा किती वेळ मेनू शोधण्यात जातो याचा हिशोब कुणी ठेवत नाही, आणि ठेवूही नये, उगाच बीपी वाढायचं. फाइल, एडिट, व्ह्यू ही मंडळी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये राहतातच, फक्त पत्ता कुणी सांगत नाही. एकात वर पट्टी, दुसऱ्यात उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा, तिसऱ्यात तीन उभे ठिपके, आणि एखाद्यात दोन्ही, रेघांमध्ये अर्धा संसार नि ठिपक्यांमध्ये उरलेला. प्रिंट कुणाच्या वाट्याला गेलं हे वाटणी करणाऱ्यालाच ठाऊक.

मेनू नक्की कुठं असावा, या भांडणातले मुख्य पक्ष दोन. मॅकवाले म्हणतात मेनू एकच, स्क्रीनच्या पार वर, जो प्रोग्रॅम पुढं असेल त्याचा. विंडोजवाले म्हणतात ज्याची विंडो त्याच्याच डोक्यावर त्याचा मेनू. यात मॅकवाल्यांकडे शास्त्रीय पुरावा आहे आणि तो ऐकवल्याशिवाय ते सोडत नाहीत. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली नियम मांडला, की एखाद्या ठिकाणी हात पोचायला किती वेळ लागेल हे ते ठिकाण किती लांब आणि केवढं मोठं यावर ठरतं. आता स्क्रीनच्या कडेला पॉइंटर अडतो, माउस कितीही जोरात वर ढकला तो पुढं जातच नाही, त्यामुळे तिथला मेनू दिसायला बारीक पण नेम धरायला जवळजवळ अमर्याद उंच. विंडोतल्या मेनूवर मात्र जरा जोर जास्त झाला की थेट टायटल बारवर, म्हणजे विंडोच्या नावाच्या पट्टीवर.

पटतं. १९८४च्या पहिल्या मॅकवर तर शंभर टक्के पटतं, कारण स्क्रीनच ९ इंची, ५१२ बाय ३४२ पिक्सेल, विंडो कुठंही असली तरी मेनू हाताशीच. पण माझ्यासमोर २७ इंची मॉनिटर, विंडो खाली उजवीकडे नि मेनू वर डावीकडे. नियमात 'किती लांब' पण आहे ना, ते हे लोक सोयीस्करपणे गाळतात. माउसपॅड संपतो, माउस उचला, मागं आणा, परत ढकला, आणि वाटेत दुसऱ्या विंडोवर क्लिक झालं की वरचा मेनू गपचूप त्या प्रोग्रॅमचा होतो. दिसायला अगदी तसाच, फाइल एडिट व्ह्यू. क्लोज दाबावं तर बंद भलतंच.

एवढ्यात तिसरा पक्ष आला, लपवणाऱ्यांचा. उबुंटू या लिनक्सच्या युनिटी नावाच्या डेस्कटॉपनं २०११ मध्ये मेनू मॅकसारखा वर नेला आणि वर अदृश्य पण केला, माउस तिथं नेल्यावरच दिसणार. म्हणजे फिट्सच्या नियमाप्रमाणे नेम धरायचा, पण कशावर ते नंतर कळणार! ग्नोम या लिनक्सच्याच दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनी वरच्या पट्टीवर ॲप मेनू दिला आणि २०१९ मध्ये परत काढून घेतला. तोवर ज्यांना सवय झाली त्यांनी काय करायचं, कुणी विचारलं नाही.

हे सगळं सहन होतं हो, जोवर फोनवर दुसऱ्याला सांगावं लागत नाही. परवा मामांचा फोन, काहीतरी प्रिंट करायचं होतं.

"मामा, वर डावीकडे फाइल दिसतंय का?"

"नाही रे."

"उजवीकडे तीन रेघा?"

"दोन आहेत."

"नीट बघा."

"थांब, चष्मा आणतो... हां, तीन. दाबल्या. आता भली मोठी यादी आलीय."

"त्यात मोअर असेल, त्याच्यावर माउस न्या, बाजूला अजून एक यादी उघडेल."

"उघडली. प्रिंट खाली दिसतंय, जातो तिकडं... गेली!"

"काय गेली?"

"यादी."

मामा माणसासारखे तिरके गेले, जवळच्या वाटेनं. पण वाटेत पॉइंटर खालच्या दुसऱ्याच ओळीवरून गेला, आणि प्रोग्रॅमला वाटलं यांना आता ती ओळ हवी, म्हणून आधीची यादी बंद. तर आधी सरळ आडवं जायचं, बाजूच्या यादीत शिरायचं, आणि मगच खाली उतरायचं. हे त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला आणि मामा म्हणाले, "राहू दे, मी हातानं लिहितो."

माझं विचाराल तर मेनू विंडोतच असावा, उघडा असावा आणि शब्दांत असावा. मॅकवाल्यांपेक्षा पाव सेकंद जास्त लागला तर लागू दे, वाचवलेल्या पाव सेकंदात मी काय दिवे लावणार आहे. पण हल्लीची फॅशन वेगळीच, मेनूच नको, सर्च करा! कमांड टाइप करा, सापडेल. अहो पण तिचं नाव माहीत पाहिजे ना, नावं पाठ करायला लागू नयेत म्हणूनच तर मेनू आणला होता.

आणि लपवलेला मेनू परत आणायला बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ऑल्ट दाबायचं असतं म्हणे. छान सोय आहे, हेल्पमध्ये व्यवस्थित लिहिलेलीही असते. आता हेल्प तेवढं मेनूत असतं.