केमोतला ताप घाम काढून जात नसतो

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: 'केमोनं पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर पपईच्या पानांचा रस पाजा, फळं बंद करा. ताप आला तर गोळी देऊन घाम काढा, दवाखान्यात पळू नका, लुटतात.' मावशीचे कॅन्सरवरचे केमो चालू आहेत, म्हणून लिहितोय.

आधी तापाचं, कारण जीव तिथंच जातो. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल जंतूंना गिळतात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या तळाला जातात. मावशीच्या रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी 1800. भाऊ म्हणाला, 'हजारात आहेत की!' पण त्यात न्यूट्रोफिल 20 टक्के, म्हणजे 360. अन् 500 च्या खाली धोका फार वाढतो. पू होतो तोही याच पेशींमुळं. त्याच नसल्या तर पू कुठून येणार? मावशीच्या हातावर सलाईनच्या सुईची जागा नुसती गुलाबी होती, थर्मामीटर मात्र 100.8. पुष्कळदा ताप हीच एकटी खूण असते, आणि मेसेज तीच गोळीनं पुसायला सांगतो! 100.4 च्या वर ताप टिकला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आपल्याकडं मे महिन्यात 'ऊन लागलं असंल' म्हणत अंगाला कांदा चोळण्यात सकाळ होते.

पपईच्या पानाचे अभ्यास झाले ते मुख्यतः डेंग्यूतल्या प्लेटलेटवर. प्लेटलेट रक्त गोठवतात, त्या वेगळ्या, न्यूट्रोफिल वेगळ्या. वर टँकरच्या पाण्यात खंगाळलेलं कच्चं पान वाटून पाजायचं!

फळं कशाला बंद? जालन्याची मोसंबी धुऊन, घरी सोलून खुशाल द्या. गाड्यावरचा रस अन् बर्फ तेवढा नको. हात धुणं, चूळ भरणं जास्त महत्त्वाचं, कारण पुष्कळ वेळा संसर्ग होतो तो रोग्याच्याच तोंडातल्या, आतड्यातल्या जंतूंनी.

आता, नुसत्या पेशी कमी आल्या म्हणून घाबरू नये, हे बरोबरच आहे. ताप नसला तर त्या बहुधा आपसूक वाढतात, गरज वाटली तर त्या वाढवायला डॉक्टर फिलग्रास्टिमचं इंजेक्शन देतात.

खर्चाची धास्ती मलाही आहे. पण ताप आला की थांबून चालत नाही, अन् आमच्या गावाहून संभाजीनगरचा दवाखाना अडीच तास. म्हणून केमोच्या सातव्या दिवसापासून शेजारच्या जीपवाल्याला सांगून ठेवतो, अन् थर्मामीटर मावशीच्या उशाशी.